झाडलोटीची माती

हातकणंगल्याला, तहसीलच्या भिंतीला टेकून
माझं टेबल आहे. त्याचा एक पाय विटेवर.
लोक येतात, उभ्या उभ्याच म्हणतात,
एक भाड्याचं करून द्या, अकरा महिन्यांचं.
बारावा महिना कुणी मागत नाही.
बारावा लिहिला की नोंदणी, असं डोक्यात बसलंय.
कायदा वेगळं सांगतो. मीही सांगून बघतो.
ते मान हलवतात, आणि अकराच म्हणतात.

मजकूर पाठ आहे:
लिहून घेणार, लिहून देणार,
अनामत बिनव्याजी,
भिंतीला खिळा ठोकणार नाही,
पोटभाडेकरू ठेवणार नाही,
लाईट सबमीटरप्रमाणे,
पाणी मोटर चालू असेल तेव्हा.
शिरोळकडचे एक कलम जास्तीचं घालून घेतात:
पुराचं पाणी उंबऱ्याला लागल्यापासून ओसरेपर्यंत
भाडं धरायचं नाही.
चिखल कुणी काढायचा, ते मात्र
दोघंही एकमेकांकडे बघून
मोकळं सोडतात.

पण हुपरीची मालूताई वाईंगडे आली
तेव्हा माझा हात थांबला.
“लिवा,” म्हणाली, “खोली झाडून जी माती निघंल
ती घरमालकाची.”

शेजारी निंगाप्पा. संकेश्वरचा. पैंजणाला घुंगरू जोडणारा.
नखांत काळं, भुवयांवर बारीक चकाकी.
“माती माझी,” तो म्हणाला.
“चांदी शेटची, पण घट माझ्या अंगावर.
कानशीतनं उडतंय ते मजुरीतनं कापत्यात.”
“जमीन कुणाची?”
“झाडू कुणाचा?”
“सारवतंय कोण? दर शनवारी मी सारवतो.”

हुपरीत हे कुणी हसण्यावारी नेत नाही.
तिथं झारेकरी पोत्यानं माती उचलतो,
घमेल्यात धुतो, गटारीचा गाळ सोडत नाही,
आणि संध्याकाळी मूठभर पाण्याच्या तळाशी
कुणाची तरी वर्षाची नजरचूक चमकते.

मी म्हटलं, निम्मी निम्मी लिहू?
दोघंही गप्प.
निंगाप्पा म्हणाला, दिवाळीच्या आधीची माझी, नंतरची त्यांची.
मालूताई हसली. “दिवाळीनंतर काय उडतंय, माशा?”
दोन चहा झाले. तिसरा माझ्याकडून.
शेवटी ठरलं ते असं:
चटईवर पडेल ती भाडेकरूची,
चटईबाहेरची मालकाची.
“मग मी मोठी चटई आणतो.”
“आना की. खोलीच धा बाय धा हाय.”
म्हणून चटईचं मापही लिहावं लागलं, चार बाय सहा,
आणि मापासकट त्या कलमाचे
मी वीस रुपये जास्त घेतले.

पाच करार झाले त्यांचे. पाचही वेळा चटई तीच, भाडं दोनशेनं वर.
झाडण्यावरून भांडण झाल्याचं
ऐकलं नाही मी, तसं झालं नसेल असंही नाही.
मग घुंगरू यंत्रावर व्हायला लागले.
निंगाप्पा सहाव्या वेळी आला नाही.
अनामत किती परत गेली, ते माझ्या कागदात नसतं.

आता मुलगा टाइप करतो. जुन्यावरून नवं,
नावं तेवढी बदलतो.
परवा मालूताई आली, बरोबर प्रणोती कांबळे,
आरोग्य केंद्रात नवीन लागलेली नर्स.
सही करायच्या आधी वाचणारी
ती या वर्षातली पहिलीच.
बोट चालत चालत नवव्या कलमावर अडलं.
“काका, ही चटई कसली?
चार बाय सहा?”

मुलानं माझ्याकडे बघितलं. मी मालूताईकडे.
ती पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर
काहीतरी पुसत होती, किंवा शोधत होती.
“खोडू का?” मी विचारलं.
“ऱ्हाऊ दे.”
“पण मग,” नर्स म्हणाली, आता तिला हसू येत होतं,
“खोली झाडायची कुणी? मी, की तुम्ही?”

“मी झाडतो,” मालूताई म्हणाली.

नोटरीचा शिक्का ओला होता.
पान मिटलं, तेव्हा समोरच्या कोऱ्या पाठीवर
उलटा, फिकट, अर्धाच
उमटला.